अख्खा धडा आणि अख्खी रात्र : इंग्रजीतली नामं आणि क्रियाविशेषणं

मंडळी, फळ्यावर दोन वाक्यं लिहून ठेवली आहेत. पहिलं, ‘द बॉय स्टडीड द होल चॅप्टर’. दुसरं, ‘द बॉय स्टडीड द होल नाइट’. म्हणजे पोरानं अख्खा धडा वाचून काढला, आणि पोरानं अख्खी रात्र अभ्यास केला. शब्दांची संख्या तीच, क्रम तोच, बदललाय तो फक्त शेवटचा शब्द. आता सांगा, दुसऱ्या वाक्यातला ‘नाइट’ हा शब्द नाम की क्रियाविशेषण?

मागच्या बाकांवरून ‘क्रियाविशेषण’ आलं, पुढच्या रांगेतून ‘नाम’ आलं. झकास. मागच्यांनी क्रियापदाला प्रश्न विचारला, ‘किती वेळ अभ्यास केला?’, उत्तर ‘रात्र’ मिळालं, आणि शाळेतली व्याख्या आठवली : कधी, कुठे, कसं, किती सांगतं ते क्रियाविशेषण. पुढच्यांनी ‘नाइट’च्या मागे ‘द’ आणि ‘होल’ पाहिलं आणि म्हणाले, ज्याच्या मागे ‘द’ लागतो ते नामच. निकाल पुढच्या रांगेच्या बाजूनं लागतो. पण मागच्यांचंही वाया गेलेलं नाही. त्यांनी एका वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलंय.

ते दोन प्रश्न कोणते, हे सांगायलाच मी आलोय. शब्दाची जात काय, हा एक. त्या शब्दानं या वाक्यात काम काय केलं, हा दुसरा. आपल्या मराठी शाळांत हे दोन वेगवेगळ्या तासांना शिकवतात. शब्दांच्या जाती एका धड्यात, वाक्यपृथक्करण दुसऱ्या धड्यात. पृथक्करणाचा तक्ता आठवतोय ना? उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, विधानपूरक, विधेयविस्तार, विधेय. त्या तक्त्यात ‘नाम’ नावाचा रकाना नसतो आणि ‘क्रियाविशेषण’ नावाचाही नसतो. तिथे फक्त कामं असतात. ‘द होल नाइट’ जातीनं नामाचं घराणं, आणि कामानं विधेयविस्तार, म्हणजे क्रियापदाबद्दल कधी, कुठे, किती हे सांगणारा भाग. इंग्रजीच्या तासाला मात्र आपण हे दोन्ही धडे एकत्र कालवतो. ‘कधी’चं उत्तर दिलं की क्रियाविशेषण, असं सांगून मोकळे होतो. ‘कधी’चं उत्तर ‘इन द मॉर्निंग’ही देतं आणि ‘व्हेन द बेल रँग’ हे अख्खं उपवाक्यही देतं. त्यांना काय म्हणणार?

आता त्या दोन वाक्यांची झडती घेऊ. पहिल्याचा कर्मणी प्रयोग करा : ‘द होल चॅप्टर वॉज स्टडीड’. झाला. दुसऱ्याचा करा : ‘द होल नाइट वॉज स्टडीड’. म्हणजे कुणीतरी रात्रीचाच अभ्यास केला, खगोलशास्त्रज्ञ असावा. धड्याच्या जागी ‘इट’ घालता येतं, ‘ही स्टडीड इट’. रात्रीच्या जागी घातलं तर वाक्य उभं राहतं, पण त्यातली रात्र जाते. तेव्हा ‘चॅप्टर’ हे कर्म आहे आणि ‘नाइट’ कर्म नाही, एवढं नक्की झालं. म्हणून ‘नाइट’ची जात बदलली का? नाही. ‘द’ तसाच आहे, ‘होल’ हे विशेषण तसंच आहे. क्रियाविशेषणाच्या मागे विशेषण येत नाही. ‘द होल क्विकली’ असं कुणी म्हणेल का?

मराठीत हा फरक क्रियापदच उघडा पाडतं. ‘पोरानं अख्खी वही लिहिली.’ ‘पोरानं अख्खी रात्र लिहिलं.’ वहीही स्त्रीलिंगी, रात्रही स्त्रीलिंगी. पण वही कर्म, म्हणून क्रियापद तिच्या मागून गेलं आणि ‘लिहिली’ झालं. तो कर्मणी. रात्रीकडे क्रियापदानं वळूनही पाहिलं नाही, ते ‘लिहिलं’वरच राहिलं. तो भावे. तरी ‘अख्खी’ हे विशेषण दोन्हीकडे नामाप्रमाणेच चाललंय, ‘अख्खी’च झालंय, ‘अख्खं’ नाही. जात आणि काम हे दोन वेगळे हिशेब आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा इंग्रजीला देता येत नाही, कारण इंग्रजीची क्रियापदं लिंगाची पर्वा करत नाहीत. इंग्रजीचा वर्ग घेणाऱ्या शिक्षकानं हे उदाहरण खुशाल मराठीतून द्यावं असं माझं मत आहे. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द निघाला की तोंडं वाकडी करण्याची फॅशन आहे, ती मला कधी कळली नाही.

आणि गंमत बघा, हेच उदाहरण, अगदी अभ्यास करण्याचंच, संस्कृत व्याकरणात पाठ केलं जातं. पाणिनीचं सूत्र आहे, ‘कालाध्वनोरत्यन्तसंयोगे’. काळ किंवा वाटेचं अंतर सलग व्यापलं असेल तर त्या शब्दाची द्वितीया होते. उदाहरण, ‘मासमधीते’. महिनाभर अध्ययन करतो. आणि अंतराचं, ‘क्रोशं कुटिला नदी’, कोसभर वाकडी वाहणारी नदी. ‘मास’ला द्वितीया लागली, म्हणजे रूप कर्माचं आलं, पण महिना काही कुणी शिकत नाही. जुनी इंग्रजी व्याकरणं ‘द होल नाइट’, ‘टू माइल्स’, ‘टेन इयर्स’ यांना ‘ॲडव्हर्बियल ॲक्युझेटिव्ह’ म्हणतात. क्रियाविशेषणासारखी वापरलेली द्वितीया. नाव भारदस्त आहे, मुलं घाबरतात, पण आत तेवढंच आहे : नाम नामच राहून विधेयाचा विस्तार करतंय.

पाणिनीचं निघालंच आहे तर आणखी एक. त्याच्याकडे आठ शब्दजाती नाहीत. ‘सुप्तिङन्तं पदम्’, पदं दोनच प्रकारची : सुबन्त, म्हणजे विभक्तीचा प्रत्यय लागलेली, आणि तिङन्त, म्हणजे क्रियापदाचा प्रत्यय लागलेली. अव्ययंसुद्धा सुबन्तातच, फक्त त्यांचा प्रत्यय लोप पावतो, असं तो धरतो. म्हणजे नाम आणि क्रियाविशेषण यांच्यात आज आपण जे भांडण लावतोय, ते त्याच्या दारात येतच नाही. आठांची यादी ग्रीकांकडून लॅटिनमध्ये आली, लॅटिनमधून इंग्रजीत, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणानं आपल्याकडे. वाटेत यादीतली नावं बदलली, आकडा तेवढा आठच ठेवला. लॅटिनला ग्रीकसारखं उपपद, म्हणजे ‘द’सारखा शब्द, नव्हतं, म्हणून एक जागा रिकामी पडली, तिथे त्यांनी केवलप्रयोगी बसवलं. तेव्हा ही यादी दगडावरची रेघ आहे असं समजू नका.

बरं, नाम ओळखायचं कसं? अर्थावर जाऊ नका, शेजार बघा. मागे ‘द’, ‘अ’, ‘माय’, ‘दिस’ लागतं का? अनेकवचन होतं का? ‘ॲपॉस्ट्रॉफी एस’ लागतो का? मागे विशेषण चालतं का? शब्दयोगी अव्ययानंतर, म्हणजे ‘फ्रॉम’, ‘सिन्स’, ‘अँटिल’ यांच्यानंतर, येतो का? ‘व्हेरी’ लावून बघा. ‘व्हेरी क्विकली’, ‘व्हेरी सून’ चालतं, ‘व्हेरी नाइट’ चालत नाही. सगळ्या कसोट्या प्रत्येक शब्द पार करेल असं नाही. पण दोन-तीन कसोट्यांनी बहुतेकांचा निकाल लागतो. खरी मजा न लागणाऱ्यांत आहे.

त्यातला पहिला मानकरी ‘होम’. ‘आय लेफ्ट होम ॲट सिक्स.’ इथे नाम, कर्म. ‘दे हॅव अ लव्हली होम.’ नाम, मागे ‘अ’ आणि विशेषण. ‘आय वेंट होम.’ आता? ‘आय वेंट लव्हली होम’ होत नाही, विशेषण गळून पडलं. ‘आय वेंट स्ट्रेट होम’ मात्र होतं, म्हणजे शेजाराला क्रियाविशेषण आलं. आणि ‘माय’ लावलात तर ताबडतोब ‘टू’ मागतो : ‘आय वेंट टू माय होम’. नाम झाला की वाटेला ‘टू’ लागतो, ‘टू’ नसला की नाम नाही. आपल्या मुलांचं ‘आय ॲम गोइंग टू होम’ इथून येतं. ‘टू स्कूल’, ‘टू मार्केट’, ‘टू पुणे’ असं शिकवल्यावर ‘टू होम’ म्हणणारं पोर मूर्ख नाही, ते नियमाला धरून चाललंय. त्याला सांगायला हवं की ‘होम’ या एका शब्दाची जुनी सवय टिकलीय. ‘हाउस’ला ती नाही, ‘आय वेंट हाउस’ म्हणता येत नाही. अर्थ जवळजवळ एकच, वागणूक निराळी. अर्थावरून जात ओळखू नका म्हणतो ते यासाठी. ‘ड्राइव्ह द नेल होम’ म्हणजे खिळा पार बसेपर्यंत ठोकणं. तिथे तर घराचा पत्ताच नाही.

ही जुनी सवय कुठली? हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला विभक्ती होत्या, आणि जाण्याचं ठिकाण द्वितीयेत ठेवता येत होतं. लॅटिनमध्येही ‘घरी जाणं’ शब्दयोगीशिवाय, नुसत्या द्वितीयेनं सांगत. संस्कृतात ‘गृहं गच्छति’, ‘ग्रामं गच्छति’. इंग्रजीच्या विभक्ती झिजून गेल्या, सगळ्या नामांनी ‘टू’चा आधार घेतला, ‘होम’नं घेतला नाही. विभक्ती गेली, पण विभक्तीचं काम अंगाला चिकटून राहिलं. तेच आज शब्दकोशात ‘ॲडव्हर्ब’ म्हणून नोंदलंय.

असे अवशेष पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. ‘ही वर्क्स नाइट्स.’ रात्रपाळी करतो. हा ‘एस’ आजच्या माणसाला अनेकवचनाचा वाटतो आणि वापरणारा तसाच वापरतो. पण ही वाट पाडली ती षष्ठीच्या ‘एस’नं. जुन्या इंग्रजीत दिवस-रात्रींच्या शब्दांना षष्ठी लावून ‘दिवसा’, ‘रात्री’ असा अर्थ करत. ‘वन’ला तोच ‘एस’ लागून पुढे ‘वन्स’ झालं, स्पेलिंग बदललं म्हणून ओळखू येत नाही इतकंच. ‘ऑल्वेज’, ‘नाउअडेज’, ‘आफ्टरवर्ड्स’ यांच्या शेपटीला तोच आहे. आपल्याकडे ‘दिवसा’, ‘रात्री’, ‘सकाळी’ यांना व्याकरणात ‘नामसाधित क्रियाविशेषणं’ म्हणतात. मूळ नाम, त्याला विभक्तीचा प्रत्यय, आणि वापरून वापरून त्याची क्रियाविशेषणात नोंद. ‘दिवसा’तला ‘आ’ कोणत्या विभक्तीचा, हे आज रस्त्यावरच्या माणसाला सांगता येणार नाही, आणि ‘वन्स’मधला ‘एस’ लंडनच्या माणसाला सांगता येणार नाही. दोघांचं काही अडत नाही.

दुसरा एक कळप ‘अ’नं सुरू होणाऱ्यांचा. ‘अस्लीप’, ‘अवे’, ‘अलाइव्ह’, ‘अब्रॉड’. या ‘अ’मध्ये एक जुनं ‘ऑन’ दडलंय. शब्दयोगी आणि त्याच्या पुढचा शब्द मिळून एकच शब्द झाला. ‘अब्रॉड’च्या पोटात शब्दयोगी आधीच आहे, म्हणून ‘ही वेंट टू अब्रॉड’ म्हटलं की दोनदा होतं. ‘फ्रॉम अब्रॉड’ मात्र चालतं, तो अर्थ ‘ऑन’नं दिलेला नाही. आपल्या गावागावांत ‘मुलगा फॉरेनला असतो’ म्हणतात. ‘फॉरेन’ हे इंग्रजीत विशेषण, आपण त्याचं नाम केलं, आणि वर ‘ला’ लावून विधेयविस्तारही केला. इंग्रजाला ते चुकीचं वाटेल. मराठीत ते चोख मराठी आहे, त्याला हात लावू नये.

आता ‘टुडे’, ‘यस्टरडे’, ‘टुमॉरो’. यांतले ‘टुडे’ आणि ‘टुमॉरो’ एके काळी ‘टू डे’, ‘टू मॉरो’ असेच होते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मध्ये छोटी रेघ देऊन छापत असत. शब्दकोशात यांच्यापुढे दोन नोंदी दिसतील, नाम आणि क्रियाविशेषण. ‘टुडे इज मंडे’ इथे उद्देश्य. ‘यस्टरडेज मॅच’ इथे षष्ठी. ‘फ्रॉम टुमॉरो’ इथे शब्दयोगीच्या पुढे. ‘आय मेट हिम यस्टरडे’ इथे विधेयविस्तार. मग मी विचारतो, शेवटच्या वाक्यात त्याची जात बदललीय, की ‘द होल नाइट’सारखं नाम राहून फक्त काम बदललंय? ‘व्हेरी यस्टरडे’ होत नाही. ‘सून’ आणि ‘यस्टरडे’ शेजारी ठेवून बघा : ‘व्हेरी सून’ होतं, ‘सून्स मॅच’ होत नाही, ‘यस्टरडे’चं नेमकं उलटं. दोन्ही ‘कधी’चीच उत्तरं, पण वागणूक एकाही बाबतीत जुळत नाही. माझा कौल नामाच्या बाजूनं आहे. एकच अडचण, ‘द यस्टरडे’ असं सहसा म्हणत नाहीत. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचं मोठं व्याकरण 2002 साली केंब्रिजहून निघालं, त्यात त्यांनी हा तिढा असा सोडवला की हे शब्द सर्वनामांत टाकले. बोलणारा ज्या दिवशी बोलतो त्यावरून यांचा दिवस ठरतो, जसा ‘मी’ कोण हे बोलणाऱ्यावरून ठरतं. आणि ‘होम’, ‘हिअर’, ‘अब्रॉड’ यांना त्यांनी चक्क शब्दयोगींत नेलं, पुढे नाम न घेणारे शब्दयोगी म्हणून. पटो न पटो, तिथला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. ‘क्रियाविशेषण’ हा डबा जगभर अडगळीची खोली म्हणून वापरला गेलाय. जे कुठे बसत नाही ते तिथे ढकललं. त्यांनी ती खोली झाडली.

वर्गात या शब्दांशी आणखी एक चूक जोडलेली असते. ‘टुडे मॉर्निंग’. ‘यस्टरडे मॉर्निंग’ बरोबर, ‘टुमॉरो मॉर्निंग’ बरोबर, आणि ‘टुडे मॉर्निंग’ मात्र नाही, तिथे ‘धिस मॉर्निंग’. ‘यस्टरडे नाइट’च्या जागी ‘लास्ट नाइट’. आपल्या ‘आज सकाळी’, ‘काल रात्री’वरून हे येतं. यामागे मोठं तत्त्व शोधू नका. पाठ करा.

‘एलवाय’चं झटपट सांगतो, कारण त्यात मुलांना वाटतं तेवढं काही नाही. विशेषणाला ‘ली’ लागला की बहुधा क्रियाविशेषण : ‘क्विकली’, ‘सॅडली’. नामाला लागला की बहुधा विशेषण : ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’, ‘वीकली’. ‘पार्टली’, ‘नेमली’ असे नावाला अपवाद. आणि ‘फॅमिली’, ‘जुलै’, ‘असेंब्ली’, ‘मोनोपॉली’ यांच्या शेवटी ती अक्षरं आहेत, पण तो प्रत्ययच नाही. ती साधी नामं. ‘ही स्पोक फ्रेंडली’ लिहिणारा ‘ली’ बघून फसलेला असतो. ‘इन अ फ्रेंडली वे’ लिहायचं.

त्यापेक्षा जास्त मार्क जातात ते ‘ऑन लास्ट संडे’, ‘इन नेक्स्ट मंथ’, ‘इन धिस मॉर्निंग’ मध्ये. ‘ऑन संडे’ बरोबर, ‘इन द मॉर्निंग’ बरोबर. पण मागे ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ आलं की शब्दयोगी गळतं आणि नामाचा गट एकटाच विधेयविस्तार होतो. मराठीत असं गळत नाही. ‘रविवारी’ आणि ‘गेल्या रविवारी’, दोन्हीकडे ‘ई’ कायम. ‘महिन्यात’, ‘पुढच्या महिन्यात’, दोन्हीकडे ‘त’ कायम. तो कायम राहिलेला प्रत्यय मूल इंग्रजीत ‘ऑन’ आणि ‘इन’ करून आणतं. ही चूक लाल शाईनं नुसती खोडली तर परत येते. कारण सांगितलं, दोन भाषांची वाक्यं एकाखाली एक लिहून दाखवली, तर कमी होते.

इथे थांबतो, प्रश्न घेतो.

एका ताईंनी विचारलंय, स्पर्धा परीक्षेत ‘ही वेंट होम’मधल्या अधोरेखित शब्दाची जात विचारली तर उत्तर काय लिहायचं? ‘ॲडव्हर्ब’ लिहायचं. शब्दकोश तेच म्हणतात, उत्तरतालिकाही तेच म्हणेल, तिथे केंब्रिजचा दाखला देत बसू नका. ‘यस्टरडे’बद्दलही, वाक्यात ते कर्ता-कर्म नसेल, त्याला ‘एस’ लागला नसेल आणि मागे शब्दयोगी नसेल, तर ‘ॲडव्हर्ब’. पण ‘ही स्टडीड द होल नाइट’मध्ये एकट्या ‘नाइट’खाली रेघ असेल तर ‘नाउन’. पूर्ण ‘द होल नाइट’खाली रेघ असेल तर पर्यायांत ‘ॲडव्हर्ब फ्रेज’ किंवा ‘ॲडव्हर्बियल’ असं काहीतरी असणार, ते निवडा. रेघ कुठून कुठपर्यंत आहे, ते आधी बघायचं.

मागून प्रश्न आलाय, ‘एव्हरीडे’ जोडून लिहायचं की तोडून? दोन्ही बरोबर, पण जागा वेगळ्या. जोडून लिहिलं की विशेषण, नामाच्या मागे : ‘एव्हरीडे क्लोद्स’, रोजच्या वापरातले कपडे. तोडून लिहिलं की नामाचा गट : ‘आय वॉक एव्हरी डे’. शंका आली तर मध्ये ‘सिंगल’ घालून बघा. ‘आय वॉक एव्हरी सिंगल डे’ होतं, म्हणजे तोडायचं. ‘एव्हरी सिंगल डे क्लोद्स’ होत नाही, म्हणजे जोडायचं. दुकानांच्या पाट्यांवर ‘ओपन एव्हरीडे’ जोडून लिहिलेलं सर्रास दिसतं. तिथे ‘सिंगल’ आरामात बसतं, तेव्हा ते तोडून हवं.